गुळातली गोळी

या लेखात ज्या माणसाविषयी सांगणार आहे त्याचं नाव मी लिहीत नाही. तो आता हयात नाही, त्यामुळं लिहू का म्हणून विचारायची सोय राहिली नाही. शिवाय त्याच्या भावाच्या दोन नातींची लग्नं अजून व्हायची आहेत, आणि आमच्याकडं सोयरीक जुळवताना लोक जमिनीच्या आधी घराण्यात कुणी 'तसलं' होतं का याची चौकशी करतात. गावात लहानथोर सगळे त्याला आण्णा म्हणायचे. मीपण तेच म्हणतो. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा, आणि त्यांचं रान माझ्या रानाला बांधकरी.

प्रश्न साधा आहे. एखाद्याच्या भल्यासाठी त्याला फसवायचं का? मोठमोठ्या पुस्तकांत याचं उत्तर असेलही. मी दहावी झालेला माणूस, मला हा प्रश्न पुस्तकात भेटला नाही. गुळाच्या खड्यात भेटला.

आण्णा 1974 साली मुंबईला गेला, तेव्हा अठरा वर्षांचा होता. आमच्या माण तालुक्यातून मुंबईला जाणं काही नवं नव्हतं. त्यात 1972च्या दुष्काळानं खडी फोडून आणि सुकडी खाऊन लोकांचं कंबरडं मोडलेलं. आण्णा आधी बदली कामगार म्हणून लागला, पुढं साचाखात्यात स्थिरावला. राहायला गावकीच्या गाळ्यात, जेवायला खानावळीत. यात्रेला आला की अंगाला साबणाचा वास आणि आमच्यासाठी खिशात लिमलेटच्या गोळ्या. 1981च्या दिवाळीला आला तो परत गेलाच नाही. सोप्यात बसून राहायचा. कुणी बोललं नसताना उत्तर द्यायचा. अंगावरचा शर्ट महिना महिना काढायचा नाही.

गावाला कारण लागतं. विनाकारण काही घडलं तर गावाला झोप येत नाही. देवऋषी म्हणाला, बाहेरचं आहे. एक चुलता म्हणाला, मुंबईत बाईचं लफडं झालं असणार. पुढं गिरण्यांचा संप लागला आणि सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं की आण्णाला संपानं वेड लावलं. हे सगळ्यांना पटलं, कारण ते सांगायला बरं वाटायचं. आता संप लागला 18 जानेवारी 1982 ला आणि आण्णा येऊन बसला होता त्याच्या आदल्या दिवाळीत. हे मी दोन-चार वेळा बोलून दाखवलं. कुणी ऐकलं नाही, मग मीही सोडून दिलं. पुष्कळ वर्षांनी एका डॉक्टरांनी सांगितलं की हा आजार बहुतेक वेळा ऐन तरुणपणातच डोकं वर काढतो, विशी-पंचविशीत. मधुमेहाला जसा माणसाचा स्वभाव जबाबदार नसतो, तसं इथं कुणाचं पाप शोधू नका म्हणाले.

आण्णाच्या कानात गिरणीचा भोंगा वाजायचा. सकाळी सातला तो वाजला की आण्णा उठून झपाझप वेशीपर्यंत चालत जायचा, तिथं थबकायचा, आणि परत यायचा. दिवस मावळून गाव निजलं तरी त्याच्या पाळ्या चालूच. झोप अशी त्याला नव्हतीच. पण या सगळ्यात त्याच्या हातातली एक गोष्ट शाबूत होती. गाठ. साच्यावर धागा तुटला की तो जोडायला विणकर एक बारीक गाठ मारतो, ती सुटत नाही आणि कापडात दिसतही नाही. आण्णा रस्त्यावर पडलेला प्रत्येक दोरा, सुतळीचा तुकडा, पोत्याची धाटी उचलायचा आणि एकमेकाला गाठत जायचा. खिशात कायम त्याचा गुंडा. कुणाचा कासरा तुटला, कुणाचं दावं उसवलं, की पोरं म्हणायची आण्णाकडं न्या. डोळ्याचं पातं लवेस्तोवर गाठ बसलेली असायची. बैलानं कितीही हिसका दिला तरी ती सुटली असं मला आठवत नाही.

त्याच्यावर गावाचं प्रेम होतं हे खरं. कुठल्याही दारात तो उभा राहिला तर भाकरी मिळायची. लग्नाच्या पंगतीला त्याला पहिल्या ओळीत बसवायचे. पण हल्ली शहरातले लोक जेव्हा म्हणतात की जुनी गावं वेड्यामाणसाला सांभाळून घ्यायची, तेव्हा मला थोडं थांबून बोलावंसं वाटतं. सांभाळून घ्यायची म्हणजे काय करायची? भाकरी द्यायची, हे खरं. पोरं धोंडे मारायची, तेही खरं. देवऋष्यानं त्याला ओल्या निरगुडीच्या फोकानं मारलेलं मी डोळ्यांनी बघितलंय आणि बघणारे हात जोडून उभे होते. शेजारच्या गावातले मटक्यावाले यायचे. त्याच्यापुढं बसून तो किती बोटं दाखवतो, किती वेळा खाकरतो हे मोजायचे आणि त्यावरून आकडा लावायचे. एकाला एकदा लागला, तर त्यानं येऊन हार घातला. आण्णानं हारातला दोरा काढून घेतला आणि फुलं शेळीपुढं टाकली.

वेड्यात देव बघायची आपली रीत जुनी आहे. विदर्भात ऋद्धिपूरला गोविंदप्रभू होऊन गेले, चक्रधरस्वामींचे गुरू. लोक त्यांना वेडे म्हणायचे आणि आईबापही मानायचे, म्हाइंभटांनी लिहिलेल्या त्यांच्या चरित्रात हे सगळं आहे. शेगावला 23 फेब्रुवारी 1878 ला गजानन महाराज दिसले ते उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचून खाताना, आणि त्यांनाही पहिल्यांदा लोकांनी वेडंच ठरवलं. त्या थोरांविषयी मी काही बोलत नाही. पण आमचा आण्णा संत नव्हता. आजारी माणूस होता. संत म्हटलं की औषधाला न्यायचा खर्च वाचतो, हेही कुणीतरी लिहून ठेवलं पाहिजे.

2005 नंतरची भारनियमनाची वर्षं शेतकऱ्याला सांगायला नकोत. थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची कधी साडेबाराला यायची, कधी दोनला. दिवसभर रानात राबलेल्या माणसानं लाईटीची वाट बघत जागं राहायचं, आणि डोळा लागला की उभं पीक वाळायचं. त्या काळात आण्णा गावाचा मोठा आधार झाला. त्याला झोप नव्हतीच. डीपीवरचा दिवा पेटला की तो गल्लीतून निघायचा आणि प्रत्येकाच्या दारात त्या त्या घराच्या नावानं हाळी द्यायचा, "लाईट आली रं!" ज्याची मोटार जळून दुरुस्तीला गेली असेल त्याच्या दारात नाही द्यायचा. एवढं भान त्याला होतं. मी स्वतः दोन हंगाम त्याच्या हाळीवर मका भिजवलाय.

म्हणजे त्याचा आजार आमच्या उपयोगी पडत होता. तेव्हा असं कुणी म्हणत नव्हतं, कारण आण्णाही खूश दिसायचा. कदाचित होताही. रात्री गावातला प्रत्येक माणूस त्याच्या आवाजाची वाट बघतोय, असं सुख शहाण्यालासुद्धा मिळत नाही.

मग एका उन्हाळ्यात त्याचं फार बिघडलं. विहिरीत कुणीतरी औषध टाकलंय म्हणून पाणी पीत नव्हता. वहिनीनं वाढलेलं ताट उंबऱ्याबाहेर ओतायचा. एका रात्री तो डीपीच्या खांबावर चढला. तारेत कुणीतरी बोलतंय आणि मला बोलावतंय, म्हणाला. नशीब की लाईट गेलेली होती. चौघांनी चढून उतरवला, त्यात एकाच्या कपाळाला खोक पडली. दुसऱ्या दिवशी त्याच्या भावानं बैलाची साखळी त्याच्या पायात घातली आणि गोठ्यातल्या दावणीला बांधला. अकरा दिवस.

आता साखळी म्हटली की वाचणाऱ्याच्या मनात त्या भावाची एक मूर्ती उभी राहते. ती चुकीची आहे. मृग निघालेला, वाफसा आलेला, घरात करती माणसं दोन. एकानं राखण करायची म्हटलं तर चाड्यावर मूठ कुणी धरायची? तो भाऊ दिवसातून चार वेळा रानातून पळत घरी यायचा. साखळीनं पाय सोलू नये म्हणून त्यानं स्वतःचं धोतर फाडून कडीला गुंडाळलं होतं. आणि रात्री तो गोठ्यातच, आण्णाच्या शेजारी पोतं टाकून निजायचा.

तरी साखळी ती साखळीच. 6 ऑगस्ट 2001 ला तमिळनाडूत एरवाडीला दर्ग्याजवळच्या एका आश्रमाला आग लागली. तिथं बरे व्हायला आणून ठेवलेले वेडे लोक साखळीनं बांधलेले होते. पळता आलं नाही, 28 जण जळाले. ती बातमी मी पेपरात वाचली होती आणि आण्णाच्या गोठ्याला वरून उसाच्या पाचटाचं छप्पर होतं. मी ते भावाला सांगितलं. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात आला आणि म्हणाला, "चिठ्ठी वाचायला कुणीतरी पायजे. येतूस का सातारला?"

आम्ही तिघं जिल्ह्याच्या डॉक्टरांकडं गेलो. आण्णा गाडीत माझ्या आणि भावाच्या मधी, हातात दोऱ्याचा गुंडा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. महिन्याभरात फरक पडला. आण्णा पाणी प्यायला लागला, रात्री झोपायला लागला. साखळी परत बैलाच्या गळ्यात गेली. वहिनीनं देवापुढं नारळ फोडला.

आणि गावात कुरकुर सुरू झाली. चेष्टेतच, पण झाली. आण्णा झोपतोय, आता लाईट आल्याचं कोण सांगणार? एक जण तर भावाला म्हणाला, गोळी एक दिवसाआड देत जा, निदान रात्रीच्या आठवड्यात. तो हसत म्हणाला, भावानं हसून ऐकलं. मला मात्र तेव्हा कळलं की प्रेम आणि सोय या दोन्हींचं बी एकसारखं दिसतं, उगवून आल्यावरच ओळखू येतं.

पण आण्णालासुद्धा गोळी नको होती, आणि त्याचं कारण वेगळं होतं. गोळीनं त्याचे हात थरथरायला लागले. तोंडातून लाळ यायची, चालताना हात अंगाला चिकटलेले. गाठ बसेना. एक दिवस त्यानं माझ्यासमोर दोन सुतळ्या धरल्या, पाच-सहा वेळा प्रयत्न केला, आणि माझ्या अंगावर टाकून दिल्या. म्हणाला, "भोंगा गेला त्याचं काय न्हाई. हात माझं ऱ्हायलं न्हाईत." त्यानं गोळी थुंकायला सुरुवात केली.

तिथून पुढं वहिनीनं ती चोरून द्यायला सुरुवात केली. आधी चहातून. चहा कडू लागतोय म्हणून त्यानं तो सोडला. मग कुटून गुळात. आण्णाला भाकरीबरोबर गुळाचा खडा लागायचा, लहानपणापासून. दोन-अडीच महिने हे चाललं आणि कुणाला काही वाटलं नाही. वाटण्यासारखं काय होतं? बैलाला औषध पाजताना आपण विचारतो का? पोराला ताप आला तर मधात घालून चाटवतोच की.

या दोन्ही दाखल्यांवर मी पुष्कळ विचार केलाय, माझ्या परीनं. पोराला आज फसवलं तर उद्या ते मोठं होतं आणि त्याला सांगता येतं, की बाबा असं असं केलं होतं. तो हिशेब पुढं चुकता होतो. आण्णाच्या बाबतीत तो चुकता कधी होणार होता? आणि बैलाचं म्हणाल तर ज्यांनी बैल ठेवलाय त्यांना माहीत आहे, गुळातून एकदा कडू औषध दिलं की तो पुढचे आठ दिवस गूळ हुंगून बघतो. मुकं जनावरसुद्धा फसवणूक ध्यानात ठेवतं.

आण्णानं एक दिवस गुळाचा खडा फोडला. आत पांढरी पूड दिसली. त्यानं आरडाओरडा केला नाही. शांतपणे तो खडा वहिनीच्या पुढं ठेवला आणि म्हणाला, "म्हंजी मी खरं बोलत हुतो."

हे वाक्य मी विसरू शकत नाही. बघा, त्याचा आजार काय म्हणत होता? की लोक माझ्या अन्नात काहीतरी कालवतात. आम्ही सगळे वर्षानुवर्षं त्याला सांगत होतो की असं काही नाही, तुझ्या मनाचा खेळ आहे. आणि घरातल्या सगळ्यात मायेच्या माणसानं त्याच्या अन्नात खरोखरच काहीतरी कालवलं. त्याचं वेड होतं ते खरं ठरलं, आणि आमचं शहाणपण खोटं. त्यानंतर त्याला 'तुझा भास आहे' म्हणायचा हक्क कुणाला राहिला?

तो त्या दिवसापासून घरात जेवला नाही. कुणाच्याच घरात जेवला नाही. काय खायचा, तर भुईमुगाच्या शेंगा, केळी, स्वतः तीन दगडांवर उकडलेली अंडी, सोलाण्याच्या दिवसांत हरभऱ्याचे घाटे. सगळं टरफलाच्या आतलं. जे देवानं बंद करून दिलंय आणि माणसाचा हात आत पोचला नाही, तेवढंच. गाल आत गेले. गोळी तर बंदच पडली.

मी वहिनीला जाऊन म्हणालो, वहिनी, चोरून द्यायला नको होतं. ती शेणकूट थापत होती, थापतच राहिली. म्हणाली, "भाऊजी, तुमी पुस्तकं वाचता. मला दोन पोरी हायत. गोळी न्हाई म्हणल्यावर राती परसाकडं त्या एकट्या जायच्या कशा? दाराला आतनं कडी घालून, उशाला इळा घिऊन मी किती वर्सं निजले, ते तुमाला ठावं हाय का? फसवलं. हां, फसवलं. त्यांच्यासाटी न्हाई, माज्यासाटी. मला झोप पायजे हुती."

याला मी काय बोलणार? आण्णानं कधी कुणाला मारलं नव्हतं हे खरं होतं. पण मारलं नव्हतं हे आपण मागं वळून बघून म्हणतो. तिला ते रोज रात्री पुढं बघून म्हणायचं होतं. भल्याचं नाव घेऊन फसवणारे मी पुष्कळ बघितलेत. स्वतःसाठी फसवलं असं तोंडावर सांगणारी ही एकच. आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आम्ही सगळे जो प्रश्न विचारत होतो, आण्णाला फसवावं का, तो आमच्यापैकी कुणाच्याच गळ्यात नव्हता. गाव दिवसा प्रेम करायचं आणि रात्री आपापल्या घरी जायचं. रात्र तिच्या एकटीच्या वाट्याला होती. त्या घराच्या ओट्यावर आळीपाळीनं चार जण झोपायला गेले असते, तर कदाचित तिला गूळ कुटावा लागला नसता.

चोरून देणं वाईट, हे मी आजही म्हणतो. तिनं वाईट केलं असं मात्र मी म्हणत नाही. एकाच तोंडानं या दोन्ही गोष्टी कशा म्हणतोस, असं एका शिक्षक मित्रानं मला विचारलं. जमतं. दुष्काळात बी खाल्लं तर ते वाईटच, पण खाणाऱ्याला आपण चोर म्हणत नाही.

मार्ग तिनंच काढला, आणि तो कुणी सुचवला नव्हता. ती एक दिवस ताट घेऊन आण्णासमोर ओट्यावर जाऊन बसली. भाकरी मोडली, कालवणात बुडवून पहिला घास स्वतः खाल्ला. मग गुळाचा खडा दातानं फोडून अर्धा स्वतः खाल्ला. आणि ताट सरकवलं. आण्णानं हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी परत. किती दिवस, ते मी मोजले नाहीत. त्यानं जेव्हा पहिल्यांदा तिच्या हातचा घास घेतला, त्या दिवसापासून ते तो जाईपर्यंत त्याच्या ताटातला पहिला घास वहिनी खात होती. सासरे जिवंत असते तर दिराच्या ताटात जेवणं त्या घरात चाललं नसतं. गोळी उघड्या तळहातावर ठेवायची. ही गोळी आहे, एवढं म्हणायचं. घेतली तर घेतली.

मधल्या काळात आम्ही परत साताऱ्याला गेलो. हाताच्या थरथरीचं डॉक्टरांना आधी कुणी सांगितलंच नव्हतं. सांगितल्यावर त्यांनी गोळी बदलली आणि थरथर कमी व्हायची वेगळी एक दिली. पुढं आणखी दोनदा बदलली. हात पूर्वीसारखे झाले नाहीत, पण सुतळीची गाठ बसायला लागली. बारीक दोऱ्याची नाही. आण्णा बहुतेक दिवस गोळी घ्यायचा. काही दिवस नाही घ्यायचा. एकदा सहा आठवडे नाही घेतली आणि परत विहीर, तार, भोंगा सगळं सुरू झालं. तेव्हा वहिनीचा जाव गूळ आण म्हणाली होती. वहिनीनं आणला नाही.

चांगल्या दिवसांत एकदा, माझ्या बांधावरच्या लिंबाखाली, आम्ही तिघं शेंगा फोडत बसलो होतो. आण्णा आपण होऊन बोलला. "मी तारंकडं पळायला लागलो, तर धरा मला. सुई मारायची तर मारा. पन बांदू नगा. आन चोरून दिऊ नगा." भाऊ म्हणाला, बरं. आण्णा म्हणाला, "तू न्हाई. वैनी ठरवंल. तू रडतूस."

पुढं 2017 साली मानसिक आरोग्याचा नवा कायदा झाला. त्याच्याआधी 1987चा होता, आणि त्याच्याही आधी 1912चा इंग्रजांचा. त्याच्या तर नावातच वेडेपण होतं. नव्या कायद्यात माणसाला साखळीनं बांधायला बंदी आहे. आणि आणखी एक कलम आहे, ते वाचून मी पेपर खाली ठेवला. माणूस चांगला असताना लिहून ठेवू शकतो की माझं बिघडलं तर माझ्यावर कसे उपचार करा आणि कसे करू नका. आणि माझ्या वतीनं कुणी ठरवायचं, तेही नाव देऊ शकतो. आमच्या आण्णानं हे सगळं लिंबाखाली, शेंगा खात, आधीच करून ठेवलं होतं.

पण कायदा झाला म्हणून गुंता सुटला असं समजू नका. चांगल्या दिवसातला आण्णा म्हणतो मला धरा. वाईट दिवसातला आण्णा म्हणतो मला सोडा. दोन्ही आण्णाच. त्यातल्या एकाचं ऐकायचं आणि दुसऱ्याचं नाही, हे कशावरून? मी याचा विचार करतो तेव्हा मला माळ घालणारी माणसं आठवतात. आमच्या गावातला एक जण भट्टीवर पडलेला असायचा. आषाढीला पंढरपूरला गेला आणि तुळशीची माळ घालून आला. माळ घालतो तेव्हा आजचा माणूस उद्याच्या माणसाला बांधून घेत असतो. उद्याच्याला प्यावंसं वाटणार आहे हे आजच्याला ठाऊक असतं, म्हणून तर माळ. ते बांधणं आपण मान्य करतो, कारण ते त्याचं त्यानं घातलेलं असतं. आण्णाची ती लिंबाखालची वाक्यं मला माळेसारखी वाटतात. त्याच्या भावानं घातलेली साखळी आणि त्यानं स्वतः मागितलेली धरपकड, दोन्हींत पाय अडकतोच, पण एक गाठ दुसऱ्यानं मारलेली असते आणि एक आपली आपण.

तरी एक खडा दातात राहतोच. माळ घातलेल्याला ती काढून ठेवता येते. आण्णाला येत नव्हती. दोनदा आम्ही त्याला धरून गाडीत घातलं, तेव्हा तो ज्या नजरेनं माझ्याकडं बघत होता, त्या नजरेला लिंबाखालचं काही आठवत नव्हतं. मी त्याच्या कानात तेच सांगत होतो, आण्णा, तूच म्हणला होतास. वहिनी पुढं बसली होती, तिनं एकदाही मागं वळून बघितलं नाही. गाडी साताऱ्यात पोचेपर्यंत तिच्या हातात गोळ्यांची पिशवी आणि डबा होता. डब्यात भाकरी, आणि तिचा पहिला मोडलेला तुकडा.

आण्णा 2019च्या भाद्रपदात गेला, निमोनियानं. खिशातला दोऱ्याचा गुंडा भाऊ चितेवर ठेवायला निघाला होता, वहिनीनं काढून घेतला. त्या दोऱ्यानं तिनं वाकळ शिवायला घेतली. गाठी इतक्या की सुई अडते, त्यामुळं ती अजून अर्धीच झालीय.

सध्या आमच्या वरच्या आळीत एक पोरगा आहे, एकवीस-बावीसचा. पुण्यात कंपनीत होता, चार महिन्यांपूर्वी आणून बसवलाय. मोबाईलमधून लोक आपल्याला बघतात असं म्हणतो, आणि गोळी घेत नाही. त्याची आई मागच्या आठवड्यात वहिनीकडं आली होती. मीपण तिथंच होतो, खताचे पैसे द्यायला गेलेलो. ती बाई हळूच म्हणाली, "आक्का, दुदात घालून दिऊ का?" वहिनी बराच वेळ काही बोलली नाही. मग तिनं विचारलं, गोळीनं त्याला काय होतंय? बाईला सांगता येईना. "त्याला इचार," वहिनी म्हणाली. "आमच्या आण्णांची तीनदा बदलली. आन राती कोण असतं तुज्याकडं?"

कुणी नाही, म्हणाली. नवरा ट्रकवर असतो.

वहिनी उठली, आतून पटकूर आणि उशी आणली, काखेत मारली. नातीला म्हणाली, शेळीला पाणी दाखव, मी उद्या येते. आता चार रात्री झाल्या, ती तिकडंच झोपायला जाते. गुरुवारी पोराला घेऊन साताऱ्याला जायचं ठरलंय, सकाळच्या सातच्या एसटीनं. चिठ्ठी वाचायला मला बोलावलंय.